पाणी तपासणीचा रिव्ह्यू: २८० रुपयांचं पेन, दोन लॅब आणि काळी पडलेली एक बाटली

भावकीतले चार जण आणि गावातले दोघं फोन करून एकच विचारतात, पाणी कुठं तपासलं, किती पैसे गेले, खरं निघालं का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. लॅबची नावं मुद्दाम टाकत नाहीये, कारण मला भांडण नकोय आणि आमच्याकडं झालं ते तुमच्याकडं होईलच असं पण नाही.

आमचं गाव सांगोला आणि आटपाडीच्या मधल्या पट्ट्यात. पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर, तो पण मनात आलं तर. घरापाशी पंचेचाळीस फुटाची आजोबांच्या काळातली विहीर आणि वरच्या रानात ३२० फूट बोर. चार वर्षं झाली, विहिरीचं पाणी घरात प्यायला आणि बोरचं पाणी डाळिंबाला, अशी आमची वाटणी. का, तर विहीर घराजवळ आहे म्हणून, दुसरं काही शास्त्र नाही त्यात.

एप्रिलमध्ये बहीण बाळाला घेऊन माहेरी आली, बाळ तीन महिन्यांचं, दूध पुरेना म्हणून डॉक्टरांनी पावडरचं दूध चालू केलं आणि जाता जाता विचारलं, पाणी कुठलं वापरता. विहिरीचं, उकळून, असं आईनं अभिमानानं सांगितलं. ते म्हणाले नायट्रेट तपासलंय का. आम्ही गप्प. मी बीएस्सी केमिस्ट्री करून डाळिंब लावलेला माणूस, मला तर लाजच वाटली.

तर पहिलं पेनाचं. ऑनलाइन २८० रुपयांना टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) दाखवणारं मीटर मागवलं, पिवळं, बोटाएवढं जाड, खाली दोन सुया. टोपण काढायचं, रेषेपर्यंत बुडवायचं, आकडा स्थिर झाला की बघायचा. विहिरीचं पाणी ६२५ दाखवलं, बोरचं ८५०. घरात लगेच निकाल लागला, विहीर चांगली, बोर खारट. शेजारचे काका पण आपली बाटली घेऊन आले, त्यांचं ९१० आलं तर बिचारे तोंड पाडून गेले.

पेन वाईट नाहीये पण ते काय मोजतं ते समजून घ्या. ते क्षार मोजतच नाही, पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतं, म्हणजे ईसी, आणि त्याला स्वतःच्या एका आकड्यानं गुणून टीडीएस म्हणून दाखवतं. माझं पेन ०.५ नं गुणतं. लॅबवाले आपल्याकडच्या पाण्याला साधारण ०.६४ नं गुणतात. म्हणून तेच विहिरीचं पाणी पेनावर ६२५ आणि लॅबमध्ये ८००, आणि लोक म्हणतात लॅब चोर आहे नाहीतर पेन बोगस आहे. दोन्ही नाही. बटण दाबून ईसीवर घ्या, माझ्या पेनावर विहीर १२४० आली आणि लॅबमध्ये १२५०, म्हणजे २८० रुपयांत कमाल झाली म्हणायची. पेन बरोबर दाखवतंय का ते बघायला १४१३ ईसीचं कॅलिब्रेशनचं पाणी पाऊचमध्ये मिळतं, त्यात बुडवून महिन्यातून एकदा बघतो, १३८० ते १४२० च्या आत असलं तर मी काही करत नाही. बटणसेल तीन महिन्यांत उतरले आणि एकदा हौदात पडलं तरी चालू आहे.

पण नायट्रेट, फ्लोराइड, जंतू यातलं एक पण पेनाला कळत नाही. वीस टीडीएसच्या पाण्यात जंतू असू शकतात आणि हजारच्या पाण्यात नसू शकतात. आरओ विकणारा पोरगा घरी येऊन पेन बुडवून "बघा काकू, ६२५, विष आहे विष" म्हणतो ना, तेव्हा त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणं टीडीएस ५०० पर्यंत उत्तम आणि दुसरं पाणी नसेल तर २००० पर्यंत चालतं. आमच्या पट्ट्यात ५०० च्या आतलं पाणी शोधायला गेलात तर पावसाळ्यात पागोळीखाली बादली लावावी लागेल.

आता पहिली लॅब. तालुक्याच्या गावातली, खतांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, ५०० रुपये सॅम्पल. मी दोन सॅम्पल नेले, विहिरीचं कोल्ड्रिंकच्या बाटलीत आणि बोरचं पाण्याच्या बाटलीत. कोल्ड्रिंकच्या बाटलीला तळाशी चिकट वास येत होता, हे मला काउंटरवर उभं राहिल्यावर कळलं. त्या माणसानं काही न विचारता दोन्ही बाटल्या घेतल्या आणि पावती फाडली. मोटर किती वेळ चालवून सॅम्पल घेतलं, किती वाजता घेतलं, पिण्यासाठी का शेतीसाठी, काहीच नाही. चूक माझीच, पण विचारायचं काम तुमचं हो.

तीन दिवसांत रिपोर्ट व्हॉट्सॲपवर. एकदम चकचकीत, लोगो, सही, शिक्का. दोन्हीला खाली हिरव्या अक्षरात "पिण्यास योग्य, सिंचनास योग्य". आई खूश. मी पण खूश होऊन झोपलो, खरं सांगतो.

रात्री दोनला जाग आली (बाळ रडत होतं) तेव्हा परत मोबाइल काढून रिपोर्ट वाचत बसलो. विहिरीचं नायट्रेट लिटरला १५.४ मिलिग्रॅम, शेजारी मर्यादा ४५, शेजारी योग्य. आणि नायट्रेटच्या पुढं एवढ्या बारीक अक्षरात लिहिलेलं, "ॲज एन". आता ज्यानं केमिस्ट्री केलीय त्याच्या पोटात इथंच गोळा यायला पाहिजे. नायट्रेट मोजायच्या दोन पद्धती आहेत, एक पूर्ण नायट्रेट म्हणून आणि एक त्यातला फक्त नायट्रोजन म्हणून. ४५ ही मर्यादा पूर्ण नायट्रेटची आहे. नायट्रोजन म्हणून मोजलं तर मर्यादा दहाच्या आसपास येते. १५.४ ला ४.४३ नं गुणा, ६८ येतात. म्हणजे पाणी मर्यादेच्या दीडपट आणि वर हिरवा शिक्का. आणि टीडीएससारखी "दुसरं पाणी नसेल तर चालेल" अशी सवलत नायट्रेटला मानकात नाहीच, ४५ म्हणजे ४५.

आणि आम्ही ते उकळून बाळाला देत होतो. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की ते वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद त्यानं कमी होते, बाळ निळं पडतं. आमच्या बाळाला काही झालं नाही, देवाची कृपा म्हणा नाहीतर नशीब, पण त्या रात्री मी बहिणीला उठवून घरातलं विहिरीचं पाणी बाजूला काढलं आणि सकाळी गावातल्या आरओ प्लँटवरून जार आणला. पावडरच्या दुधाला तेच पाणी उकळून.

सकाळी लॅबला फोन केला. म्हणाले, साहेब तो फॉरमॅटचा विषय आहे, सॉफ्टवेअर मर्यादा आपोआप टाकतं. बरं. मग मी विचारलं की सिंचनास योग्य कशावरून ठरवलं, रिपोर्टमध्ये सोडियमच नाही. तर म्हणे ईसी आणि पीएचवरून. सोडियम पाहिजे असेल तर शंभर रुपये जादा. दिले. अर्ध्या तासात फोनवर उत्तर, बोरचं सोडियम ९६. अर्ध्या तासात! सॅम्पल देऊन चार दिवस झालेले.

आता हे कसं तपासायचं ते सांगतो, कारण हे घरी वहीवर होतं आणि लॅब खरं सांगते का ढकलून देते हे याच्यावरून कळतं. पाण्यात जेवढे धन भार तेवढेच ऋण भार पाहिजेत, तराजू सारखा पाहिजे. मिलिग्रॅमला मिलिइक्विव्हॅलंट (म्हणजे भाराचं माप) करायचं, कॅल्शियमला २० नं भागा, मॅग्नेशियमला १२ नं, सोडियमला २३ नं, ही एक बाजू. बायकार्बोनेटला ६१, क्लोराइडला ३५.५, सल्फेटला ४८, नायट्रेटला ६२ नं, ही दुसरी बाजू. बोरच्या रिपोर्टला कॅल्शियम ३०, मॅग्नेशियम २४, म्हणजे दीड आणि दोन, आणि फोनवरचं ९६ सोडियम म्हणजे सव्वाचार, एकूण पावणेआठ. दुसऱ्या बाजूला बायकार्बोनेट ४८८ म्हणजे आठ, क्लोराइड २१३ म्हणजे सहा, सल्फेट १२० म्हणजे अडीच, नायट्रेट चिमूटभर, एकूण पावणेसतरा. एका पारड्यात पावणेआठ आणि दुसऱ्यात पावणेसतरा. पाच-दहा टक्के फरक चालतो, इथं निम्म्याहून जास्त माल गायब. शिवाय ईसीला १०० नं भागलं की साधारण एका बाजूची बेरीज यायला पाहिजे, बोरची ईसी १७००, म्हणजे सतरा. तो ९६ आकडा कुठून आला ते त्यांनाच माहीत.

मग दुसरी लॅब, जिल्ह्याच्या ठिकाणची. ११०० रुपये सॅम्पल, फ्लोराइडचे वेगळे १५० (हे मला पटलं नाही, पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड वेगळं कसं काय असतं). पण फोन केल्यावर बाईंनी आधी मलाच पाच मिनिटं शिकवलं. मोटर पंधरा मिनिटं चालवा मग घ्या, नाहीतर पाइपातलं शिळं पाणी येतं. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा, वर हवा ठेवू नका, झाकण पाण्याखालीच लावा, कारण हवा राहिली की पीएच आणि बायकार्बोनेट बदलतं. बाटलीवर जागा, तारीख, वेळ लिहा. जंतूंसाठी बाटली आमच्याकडून न्या, निर्जंतुक असते, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी आणून द्या. मी थर्मासच्या डब्यात बर्फ घालून एसटीनं गेलो, कंडक्टरला वाटलं मासे आहेत.

आठ दिवस म्हणाले, अकरा लागले. पार्किंग नाही, दुपारी दीड ते तीन कोणी फोन उचलत नाही. पण रिपोर्ट बघून डोळे निवले. खाली दोन्ही बाजूंची बेरीज आणि फरक छापलेला, बोरला १७ आणि १६.७. सोडियम ३१०. तीनशे दहा हो, शहाण्णव नाही!

आणि इथं आमच्या घराची सगळी वाटणी उलटी पडली.

बोरचं पाणी मऊ आहे. कठीणपणा फक्त १७५. साबणाला फेस भरपूर, डाळ दोन शिट्ट्यांत शिजते, बायका खूश. नायट्रेट १२, फ्लोराइड ०.९, क्लोराइड २५० च्या आत, टीडीएस १०९०. म्हणजे दुसरं पाणी नसेल तर प्यायला चालतंय. पण हेच पाणी रानाला वाईट. एसएआर १०.२ आणि आरएससी ४.५.

एसएआर म्हणजे सोडियम हे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानानं किती माजलंय. दहाच्या आत निवांत, अठरापर्यंत जपून, त्याच्या पुढं नको, आणि आमच्यासारखी काळी चिकण जमीन असली तर दहाला पण घाबरा. आरएससी म्हणजे बायकार्बोनेटमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा केल्यावर काय उरतं ते. १.२५ च्या आत चांगलं, अडीचच्या वर नको. आमचं साडेचार. असलं पाणी रानात वाळलं की बायकार्बोनेट कॅल्शियमला धरून चुना होऊन बसतं आणि मातीला सोडियमच उरतं. मातीचे कण एकमेकांना धरून ठेवायचं काम कॅल्शियम करतं, त्या जागेवर सोडियम बसलं की कण सुटतात, भोकं बुजतात, जमीन चोपण होते. गेल्या दोन वर्षांत ड्रीपरखाली पाणी मुरेना, डबकं साचायचं, वाळलं की पापुद्रे सुटायचे आणि कुदळ मारली की टणकन आवाज. पानांची टोकं करपायची. सल्लागारानं झिंक दिलं, बोरॉन दिलं, कसलं तरी ह्युमिक दिलं, मी सगळ्याची बिलं भरली. पाणी बघा म्हणून एकानं सांगितलं नाही. आणि पहिल्या लॅबनं तर ईसी बघून योग्य म्हणून टाकलं, ईसीच्या वर्गात विहीर आणि बोर दोन्ही एकाच खणात बसतात, ७५० ते २२५० मध्ये, सी-थ्री. नुसत्या ईसीवर फरक कळणारच नाही.

आणि विहिरीचं पाणी? जड, कठीणपणा ४००, डाळ शिजत नाही, पातेल्याला पांढरा थर, ड्रीपर चोंदतात. पण एसएआर २.२५ आणि आरएससी उणे दोन. रानाला एक नंबर. ते ६८ नायट्रेट पण झाडाला खतच आहे. म्हणजे डाळिंबाचं पाणी आम्ही पीत होतो आणि आमचं पाणी डाळिंबाला देत होतो.

असं का, तर विहीर वरच्या मुरमातलं पाणी ओढते, तिथं पाऊस, युरिया, गोठ्याचं मूत आणि चाळीस फुटांवरचा आमचाच शोषखड्डा, सगळं मुरतं. बोरचं पाणी खाली काळ्या कातळाच्या फटींत वर्षानुवर्षं थांबलेलं, तिथं दगडमातीशी देवाणघेवाण होऊन पाण्यातलं कॅल्शियम जातं आणि सोडियम येतं. आणि पाऊसच एवढा कमी की क्षार धुऊन कुठं जाणार.

जंतूंचं पण सांगतो, ते सगळ्यात स्वस्तात झालं. ग्रामपंचायतीत जलसुरक्षकाकडं छोट्या काचेच्या बाटल्या असतात, पाणी भरायचं, घरात उबेला ठेवायचं, काळी पडली की पाण्यात घाण मिसळतेय. विहिरीची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी डांबरासारखी काळी. बोरची दोन दिवसांनी पण काळी पडली नाही. मी ती काळी बाटली आईच्या हातात दिली, त्यानंतर विहिरीचं पाणी प्यायचं बंद झालं. अकरा दिवसांच्या रिपोर्टनं जे झालं नाही ते फुकटच्या बाटलीनं झालं. लॅबच्या रिपोर्टात पण विहिरीला ई-कोलाय (विष्ठेतले जंतू) आलंच. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून जंतू जातात, नायट्रेट तिथंच.

आता काय करतोय. घरात बोरचं पाणी. मानकात सोडियमला मर्यादाच दिलेली नाही पण ३१० जास्तच आहे, चवीला २०० च्या आसपास कळायला लागतं, आणि दादांना बीपी आहे म्हणून त्यांना डॉक्टरांच्या सांगण्यावरून जारचं पाणी. रानात बोर एकटं द्यायचं बंद. विहिरीला उन्हाळ्यात दिवसाला दीड तासच मोटर चालते, तेवढ्यानं बाग भागत नाही, म्हणून दोन्ही पाणी शेततळ्यात निम्मं-निम्मं सोडतो. वहीवर मांडून बघा, निम्म्या-निम्म्यानं आरएससी बरोबर १.२५ वर येतं आणि एसएआर ५.३ वर. ज्याच्याकडं विहीर नाही त्यानं जिप्समचा (कॅल्शियम देणाऱ्या खनिजाचा) हिशोब करावा, आरएससी एकनं उतरवायला हजार लिटरला ८६ ग्रॅम शुद्ध जिप्सम लागतं, आम्हाला साडेचारवरून अडीचवर यायला १७२ ग्रॅम. पाण्यात ते लवकर विरघळत नाही हा वैताग आहे, म्हणून मी माती तपासून त्या हिशोबानं पावसाच्या आधी रानातच टाकलं. एका पावसाळ्यात जादू होत नाही, पण ड्रीपरखालचं डबकं आता संध्याकाळपर्यंत जिरतं, आधी दुसऱ्या दिवशी पण असायचं.

दिवाळीनंतर परत तपासलं, कारण उन्हाळ्यातलं आणि पावसानंतरचं पाणी एक नसतं. मला वाटलेलं पावसानं विहिरीचं नायट्रेट उतरेल. ८१ झालं. पावसानं शेतातला युरिया धुऊन खाली आणला, सरळ आहे, पण मला आधी सुचलं नाही. शोषखड्डा हलवायचं काम काढलंय, गवंडी मिळेना.

तर पेनाला साडेतीन स्टार, ईसी बघायला घ्या, पाणी प्यायचं का ते त्याला विचारू नका. जिल्ह्याच्या लॅबला चार, फ्लोराइडचे वेगळे पैसे घेतले म्हणून एक कापला. ग्रामपंचायतीच्या बाटलीला पाच. पहिल्या लॅबला दीड, तो पण रिपोर्ट तीन दिवसांत आला म्हणून. परवा त्यांचा मेसेज आलाय, दोन सॅम्पलवर एक फ्री. आई म्हणते फ्री आहे तर देऊन टाक की, आणि चहा मात्र अजून तिला विहिरीच्या पाण्याचाच पाहिजे, बोरच्या पाण्यानं चहाला रंगच येत नाही म्हणते.